समुद्राकडच्या झाडांचा वास

मिठबाव कुठे आहे असं कुणी विचारलं असतं, तर त्या प्रवासाआधी मला सांगता आलं नसतं. मी पुण्याची. समुद्र पाहिला तो मुंबईत नोकरीला आल्यावर, आणि तोही चौपाटीचा, भेळेच्या वासाचा. देवगडच्या खाली, नारळी-आंब्यांच्या आड असलेल्या त्या गावी मी गेले ती झाडावरच्या शेवाळासाठी. हे ऐकून आई म्हणाली, "शेवाळच हवं तर आपल्या हौदात कमी आहे का?"

तेव्हा आधी शेवाळाचं सांगते. मी एका साबणाच्या कारखान्यात वासाच्या खोलीत काम करते. साबणाला सुगंध द्यायचा तो तिथे जुळवला जातो. युरोपात ओक नावाच्या झाडाच्या फांद्यांवर एक करडं-हिरवं, सांबराच्या शिंगांसारखे फाटे फुटलेलं शेवाळ वाढतं. खरं तर ते शेवाळ नव्हे, पण दुसरा सोपा शब्द नाही म्हणून शेवाळच म्हणते. ते स्पिरिटमध्ये, म्हणजे शुद्ध दारूत, मुरवून काढलेला काळपट, चिकट अर्क आमच्याकडे डब्यातून यायचा. डब्यावर नाव असायचं ओकमॉस. त्याचा वास पहिल्यांदा घेणारा नाक मुरडतो. ओली साल, शाई, चामडं, भरती ओसरल्यावरचा किनारा, असं सगळं त्यात एकत्र असतं. पण त्याची खरी करामत निराळीच. लिंबाचा, फुलांचा वास घटकाभरात उडून जातो. या शेवाळाचा एक थेंब घातला की ते उडणारे वास त्याच्या कडेवर बसतात आणि दिवसचे दिवस उतरत नाहीत.

परदेशी माल येणं बंद झालं तेव्हा आमचा शेवटचा डबा तळाला लागला होता.

खोलीचे प्रमुख उस्मानचाचा. परीटघडीचा पांढरा सदरा, काळी टोपी, आणि बोलणं असं की शुद्ध मराठी त्यांच्याकडून शिकावी. जन्म मिठबावचा, पण पोरवयात मुंबईला आले ते तिथेच राहिले. तरुणपणी ओकमॉसचा पहिला डबा उघडला तेव्हा ते ओरडले होते म्हणे, "अरे, हा तर आमच्या गावच्या राईतल्या झाडांचा वास!" सगळे हसले होते. आता मात्र मालकांनी त्यांना बोलावून विचारलं, "ती राई अजून आहे का?" मला म्हणाले, "तुम्हीही जा. शेवाळ मिळालं तर चाचांच्या मागे ही खोली तुमची." त्या काळी बाईच्या हातात अशी खोली देणं म्हणजे काय, ते नोकरी करणाऱ्या बायकांना सांगायला नको.

निघायच्या आधी चाचांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"कुसुम," ते म्हणाले, "थंडीतल्या त्या तापानंतर माझं नाक गेलं. अत्तर आणि पाणी मला सारखंच. अजून कुणाला सांगितलेलं नाही. झाड मी दाखवीन. वास तू घे."

त्या क्षणी उमगलं, हल्ली अत्तरात बुडवलेली प्रत्येक कागदी पट्टी ते माझ्या हातात देऊन "कसं वाटतं?" का विचारत होते. मी समजत होते, मला शिकवताहेत.

देवगड

देवगडला आगबोट धक्क्याला लागत नाही. ती समुद्रात उभी राहते आणि माणसं पडावात उतरतात. पडाव म्हणजे मोठी होडी. लाटेवर ती वर आली की उडी मारायची, खाली गेली की थांबायचं. मी चुकीच्या वेळी उडी मारली आणि एका बाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर बसले. कोंबड्यांपेक्षा मीच जास्त ओरडले.

खरी फजिती मात्र वाळूवर झाली. माझ्या पिशवीत स्पिरिटची मोठी बाटली होती, शेवाळ मुरवून पाहण्यासाठी. किनाऱ्यावर दारूबंदीचा हवालदार उभा होता. त्यानं बूच काढून वास घेतला.

"परवाना?"

"तो कारखान्याचा आहे, कारखान्यात आहे," मी म्हटलं. "हे पिण्याचं नाही हो. यात शेवाळ घालायचं आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, चाचांच्या टोपीकडे पाहिलं. "बाई," तो म्हणाला, "या किनाऱ्यावर मी नाना सबबी ऐकल्या. शेवाळाची पहिलीच." मग भला माणूस म्हणून त्यानं खटला केला नाही. बाटली तेवढी वाळूत पालथी केली. वाळूनं ती एका घोटात संपवली.

मी रडकुंडीला आले. चाचा मात्र कधी नव्हे ते हसत होते. आणि मग पडावाच्या तांडेलाला हाक मारताना त्यांच्या तोंडून एकदम वेगळीच भाषा निघाली, "रे, मिठबावाक जावक गाडी खंय गावतली?" मुंबईत मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ बसले; हा माणूस मला माहीत नव्हता.

हलिमाबींच्या घरी

चाचांची धाकटी बहीण हलिमाबी विधवा. माडांच्या बागेत त्यांचं कौलारू घर, पुढे शेणानं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. भाऊ बैलगाडीतून उतरला तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वाट सांपडली तुका?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आता माझ्या मयताकच येतलंस."

आणि मग भावाच्या छातीवर डोकं टेकून रडल्या.

चाचांचं पत्र मिळताच त्यांनी माझ्यासाठी बाजारातून नवी मातीची मडकी आणून ठेवली होती. मी त्यांच्या हातचं खाईन की नाही, खाल्लं तर काय खाईन, याचा विचार त्यांनी मी यायच्या आधीच करून ठेवला होता. "हेच्यात कधी मासळी शिजली नाय गो बाय," मडकं उलटंपालटं करून दाखवत त्या म्हणाल्या. मला फार लाजल्यासारखं झालं. आमच्या घरी कुणा हलिमाबीसाठी असं कुणी नवं मडकं आणलं असतं का? पहिल्या दिवशी त्यांनी शिरवाळे केले. तांदळाच्या उकडीच्या शेवया, वर गूळ घातलेलं नारळाचं दूध. आमच्याकडे नारळ म्हणजे सणावारी, खवून, मोजून. इथे तो पाण्यासारखा ओततात.

जेवताना चाचा म्हणाले, "कसं आहे?"

"वेलचीचा वास आहे. आणि धुराचा, अगदी पुसट."

ते मान हलवत खात राहिले. हलिमाबी भावाकडे बघत होत्या. त्यांना काहीतरी कळलं असावं.

राई

दुसऱ्या दिवशी शेजारचे बाबी आमच्याबरोबर आले. माडावर चढून माडी काढणारा, काटक, पन्नाशीचा गडी. चाचांचा लहानपणचा सोबती. वाट टेकाडावरून जाते. माथ्यावर पोचलं की एकदम समोर समुद्र उघडतो, आणि त्याच्या आणि आपल्या मधे ती राई असते.

राई म्हणजे देवीचं रान. तिथलं पानही कुणी तोडत नाही, वाळलेली काटकी उचलत नाही. मी आजवर झाडं पाहिली होती ती माणसानं राहू दिलेली. इथे माणसाला झाडांनी येऊ दिलं होतं. चार माणसांच्या कवेत न मावणारी खोडं, जमिनीवर अजगरासारख्या पसरलेल्या मुळ्या, आणि वर इतका दाट पाला की दुपारीही खाली हिरवा अंधार. आम्ही तिघंही आपोआप हळू बोलू लागलो.

समुद्राकडच्या कडेला चाचा थांबले. "बघ," म्हणाले.

तिथली जुनी आंब्याची आणि उंडीची झाडं वाऱ्यानं वाकून गेली होती. त्यांच्या गावाकडच्या बाजूला नुसती काळी साल. पण समुद्राकडची बाजू दिसतच नव्हती. खोडापासून फांद्यांच्या टोकापर्यंत करड्या, हिरवट, वितीएवढ्या दाढ्या लोंबत होत्या. वाऱ्याच्या झुळकीबरोबर सगळ्या एकदम हलायच्या. जणू म्हाताऱ्यांची एक अख्खी सभा समुद्राकडे तोंड करून बसली होती आणि कुणीतरी बोलायची वाट बघत होती. मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मी ज्या वस्तूला आजवर डब्यातला डांबरासारखा गोळा म्हणून ओळखत होते, ती जिवंतपणी अशी असते!

मी नाक जवळ नेलं. काहीच नाही. धूळ, मीठ, वाळकं गवत.

"काय?" चाचांनी विचारलं. त्यांच्या आवाजातली आशा मला सहन होईना.

"कोरडं आहे," मी म्हटलं. "स्पिरिटमध्ये मुरवल्याशिवाय बोलणार नाही."

"मग मूठभर तरी हवं." चाचांनी बाबीकडे पाहिलं.

बाबी दोन पावलं मागे सरकले. "तां माझ्या हातात नाय, उस्मान. देवीक इचारूक व्हया."

कौल

देवीचे पुजारी राघो गुरव. उघडे, शेंडीवाले, डोळे अर्धवट मिटलेले. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. एक मुसलमान आणि एक पुण्याची बाई देवीच्या झाडावरचं शेवाळ मागायला आली आहेत, यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. जत्रेच्या दिव्याला तेल चाचांच्या घराण्यातून जायचं, त्यामुळे त्यांच्या लेखी हा घरचाच मामला होता.

सकाळी राईतल्या छोट्या देवळात पाच-सहा गावकरी जमले. काळ्या पाषाणाच्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर राघो गुरवांनी फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. बोलायला लागल्यावर त्या किरकोळ माणसाचा आवाज असा काही बदलला की माझ्या अंगावर काटा आला.

"बा देवी माउली! आज ह्यो तुझ्या गावचो झील उस्मान मुंबयसून इलो हा!"

"व्हय म्हाराजा!" गावकरी एका सुरात म्हणाले.

"तेच्या वांगडा ही परगावची बाय आसा! तेंका तुझ्या झाडावरचा शेवाळ मूठभर व्हया!"

"व्हय म्हाराजा!"

"देवचा आसात तर उजवो कळो दी! नाय तर डावो दी! काय चुकला माकला तर पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

झील म्हणजे मुलगा. टोपी घातलेले चाचा उंबऱ्याशी हात जोडून उभे होते. या माणसानं नाक गमावलं होतं, पण गावानं त्याला अजून मोजणीतून काढलं नव्हतं.

गाऱ्हाणं संपलं. पाकळ्या तशाच. बाहेर समुद्राची गाज, आत समईची वात. मी विज्ञानाची पदवीधर. पाकळी पाणी वाळलं की पडते हे मला ठाऊक होतं. तरीही मी श्वास रोखला होता.

उजवी पडली.

"मूठभर मागलंव, मूठभर गावला," राघो गुरव पुन्हा आपल्या साध्या आवाजात म्हणाले. "मूठ उस्मानाची. दुसरी नाय."

चाचांनी खोडाला हात लावून क्षमा मागितली आणि जेवढं एका मुठीत आलं तेवढंच काढलं. एक तंतू त्यांनी जिभेवर ठेवला. "कडू," ते म्हणाले. "मग खारट. लहानपणी असंच होतं." त्यांच्या तोंडावर उजेड पडल्यासारखा झाला.

आता प्रश्न अर्काचा. माझं स्पिरिट देवगडच्या वाळूनं प्यायलेलं. मी खळ्यात हताश बसले असताना बाबी माझ्याजवळ आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि गवताच्या उडवीत खांद्यापर्यंत हात घालून एक बाटली बाहेर काढली. माडीची गाळलेली दारू, पहिल्या धारेची.

"बाय, बूच घट्ट लावा," ते कुजबुजले. "हेचो वास देवगडच्या हवालदाराक हयसून येतलो."

अशा रीतीनं माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग बेकायदा दारूत झाला. बाटली उन्हात ठेवायची, हलवायची, पुन्हा ठेवायची. हलिमाबी येता-जाता तिच्यावर टोपली झाकत. दारू आधी पिवळी झाली, मग चहासारखी, मग गडद. एका दुपारी मी रुमालाच्या कोपऱ्यावर थेंब टाकला, दारू उडून जाऊ दिली आणि नाकाला लावला.

तोच होता! ओली साल, शाई, चामडं. पण आमच्या डब्यातला वास त्यापुढे फोटोसारखा. यात समुद्र खराखुरा होता, मीठ होतं, वारा होता, आणि सगळ्यांच्या तळाशी काहीतरी इतकं जुनं की त्याला नाव देता येईना. मी चाचांना सांगत गेले, जे शब्द सुचतील ते. ते डोळे मिटून ऐकत होते, गाणं ऐकावं तसे.

"चाचा, आपल्याला हे मिळालं तर..." मी बोलून गेले. किती पोती लागतील, ती देवगडला कशी न्यायची, सगळं एका दमात.

त्यांनी फक्त बाटलीचं बूच घट्ट लावलं. मी पुन्हा एकटी राईत गेले. त्या झाडांखाली उभी राहिले आणि मनातल्या मनात एकेक फांदी खरवडत गेले. मुठीच्या जागेची साल उघडी पडली होती, ओरखड्यासारखी. तिथे ती दाढी परत यायला माणसाचं अर्धं आयुष्य जाईल, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. सगळी राई खरवडली असती तर आमचा साबण फार तर एखादा हंगाम निघाला असता. आणि देवीनं मूठ दिली होती, पोतं नव्हे. माझी खोली माझ्या हातून निसटत चालली होती, आणि मला त्याचं पुरतं वाईटही वाटत नव्हतं, याचंच मला नवल वाटलं.

घरी येऊन मी म्हटलं, "मालकांना सांगू, राईतून काही मिळण्यासारखं नाही."

चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

मसाला

त्याच दुपारी हलिमाबींनी वर्षाचा मसाला करायला घेतला. मालवणी मसाल्यात काय नसतं! खळ्यात मिरच्यांचा लाल ढीग, सुपांमधून धणे, बडीशेप, लवंगा. चुलीवर लोखंडी कढई. त्या एकेक जिन्नस तेलावर भाजत होत्या आणि मी ओसरीवर ठसका आवरत बसले होते. त्यांनी एका सुपातून काळी-करडी, चुरगळलेली पानं मूठभर घेतली आणि कढईत टाकली.

मी ताडकन उठले. धावत आत गेले आणि कढईवर जवळजवळ पालथीच पडले.

"गो, भाजशी!" हलिमाबी ओरडल्या.

"हे काय टाकलंत?"

"दगडफूल! तुमच्यात नाय घालनत?"

घालतात की. आमच्या गोड्या मसाल्यातही दगडफूल असतं. आईच्या हाताखाली मी ते किती वेळा निवडलं, त्यातली झाडाची साल काढून टाकली. साल! दगडाचं फूल म्हणतात, पण ते झाडावरही वाढतं, आणि ते ओकमॉसचंच भावंड. तेलात गरम झालं आणि आतून तोच वास उमलला. थोडा रांगडा, थोडा धुरकट, पण त्याच घराण्यातला. आणि ते हिमालयाच्या बाजूनं पोत्यांनी मुंबईच्या मसाल्याच्या बाजारात येतं, आमच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर.

हे ऐकून चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आयुष्यभर खाल्लं," ते म्हणाले, "पण पुढे मिरची उभी! मागच्याचं तोंड कुठे दिसणार?"

पुढचं आत्ताच सांगून टाकते. दगडफुलाचा अर्क आम्ही काढला. तो ओकमॉस नव्हता, पण वासांना कडेवर घ्यायचं काम त्यानं चोख केलं. आमचा साबण बंद पडला नाही. खोली माझ्याकडे आली. राईतल्या थेंबाचा तो रुमाल मी केळीच्या पानात गुंडाळून आणला होता. तो कितीदा धुतला तरी त्याचा कोपरा अजून बोलतो. आणि चाचा परत आले नाहीत. त्यांनी मालकांना माझ्याबरोबर निरोप पाठवला की आता इथेच राहतो. नाकाचं कारण सांगायला मला त्यांनी मनाई केली नव्हती, पण मला कुणी विचारलंही नाही.

निघण्याची सकाळ

बाबींची बैलगाडी टेकाडापलीकडे उभी राहणार होती, म्हणून आम्ही दोघं पहाटे फटफटल्यावर चालत निघालो. हलिमाबींनी दारातूनच निरोप घेतला आणि माझ्या हातात मसाल्याची पुडी कोंबली. समुद्रावरून धुकं चढून आलं होतं. आंब्याच्या मोहोराला हे धुकं वाईट, तो करपतो, म्हणून बाबी दोन दिवस आभाळाला शिव्या देत होते. मला मात्र पुढची वाट दिसत नव्हती, चाचा माझं कोपर धरून चालवत होते. मी त्यांना मुंबईतलं काहीबाही विचारत होते, कोणत्या बरण्या कुठे ठेवल्या आहेत वगैरे.

राईच्या कडेला आलो आणि माझं बोलणं अर्ध्यावर तुटलं.

रात्रभर त्या सगळ्या दाढ्या धुकं प्यायल्या होत्या. त्या आता कोरड्या, करड्या नव्हत्या. हिरव्या, मऊ, थेंबांनी जड झालेल्या होत्या. आणि अख्खी टेकडी श्वास सोडत होती. बाटली नाही, रुमाल नाही, मधे काही म्हणजे काही नाही. तो वास वरून, खालून, चारी बाजूंनी आला आणि माझ्याभोवती उभा राहिला. मी आजवर वास घेत आले होते. इथे वासानं मला घेतलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही सुचलं नाही.

कितीतरी वेळानं मला शेजारच्या माणसाची आठवण झाली. चाचा माझं कोपर धरून तसेच उभे होते. तोंडावर हसू.

"चाचा!" मी म्हटलं. "तुम्हाला आला? वास आला तुम्हाला?"

"नाय गो," ते म्हणाले. "तू थांबलंस, तेव्हाच माका कळला."

पलीकडून बाबींची हाक आली, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मी निघायला वळले. त्यांनी माझं कोपर सोडलं नाही.

"ऱ्हव जरा," ते म्हणाले. "आणखी थोडो घे. दोघांचो."